पंख्याची जोडणी

संगमेश: आज न्हाय जमायचं, ताई. तारा जोडायचं सोल्डर संपलंय.

निवेदिता: मग टेबलावर हे वेटोळं कसलं आहे, दादा?

संगमेश: ते जाडं हाय. मोटारीचं. गिटारीला नाजूक लागतंय.

शिवलीला: काल त्या बाईच्या मिक्सरला हेच लावलं की तुम्ही. मिक्सर नाजूक नव्हता का?

संगमेश: मिक्सर गाणं म्हणत न्हाय, शिवलीला.

शिवलीला: माझी गिटार तरी कुठं म्हणते? म्हणून तर घेऊन आलोय. निवेदितानं बँकेत अर्धी रजा टाकली, मी तवा उतरवून ठेवला. दुकान आपलं, नवरा आपला. निम्म्या सोलापूरच्या यंत्रमागांच्या मोटारी तुम्ही गुंडाळून दिल्या, आणि बायकोच्या गिटारीचे चार स्क्रू सोडवायला मुहूर्त बघायलात?

संगमेश: सोमवारी बघू.

निवेदिता: रविवारी सांगोल्याला कार्यक्रम आहे. सोमवारी बघून मी काय करू?

संगमेश: पण बदलायचंच कशाला म्हणतो मी? चांगली चाललीय की.

निवेदिता: नाही चाललेली, दादा. टेंभुर्णीच्या कार्यक्रमात साउंडवाल्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, मॅडम, तुमच्या त्या बेसवाल्या काकू वाजवतायत, का नुसत्या उभ्या आहेत?

शिवलीला: काकू म्हणाला? हे तू मला सांगितलं नव्हतंस.

निवेदिता: म्हणूनच नव्हतं सांगितलं.

शिवलीला: स्वतः टकला होता की तो!

निवेदिता: असू दे. पण त्याचं म्हणणं असं, की गिटार स्वस्तातली आहे, लाकूड ठीक आहे, तारा ठीक आहेत. फक्त तारांखाली ज्या दोन काळ्या पट्ट्या आहेत ना, तारेचा आवाज पकडणाऱ्या, ते पिकअप फालतू आहेत. ते बदला, बाकी काही करू नका. म्हणून बहिणीकडून पुण्याहून हे मागवले. पसंत नाही पडले तर आठवड्यात परत घेतात. उद्या शेवटचा दिवस. बसवायचे की परत पाठवायचे, ते आज ठरायलाच हवं.

संगमेश: मग पाठवा परत. काय घाई हाय?

शिवलीला: घाई कसली ते मी सांगते. हिला लाज वाटायलीय. रविवारी माझं वाजवणं ऐकू आलं नाही, तर बेसचं, खालच्या सुरांचं काम महेश्वरी कीबोर्डवर डाव्या हातानं करणार आणि मी टाळ धरणार. शरणांची वचनं गाणाऱ्या आमच्या मंडळात ठरलंय तसं.

निवेदिता: ठरलं नाही, ताई. नुसतं बोलणं झालं.

शिवलीला: माझ्या माघारी झालं ना? मग ठरलंच. टाळाला माझी ना नाही ग. टाळ चांगला. पण बेचाळिसाव्या वर्षी मी मोबाइलवर बघून ही बेस गिटार शिकले. एका बाजूला कडक भाकरी तव्यावर, दुसऱ्या बाजूला मांडीवर हे धूड. चारच तारा म्हणून हीच निवडली, साध्या गिटारीपेक्षा दोन कमी. पाच वर्षं झाली. बोटांची कातडी दोनदा गेली. आणि आता वचनाच्या मागं नुसतं किणकिण करायचं?

संगमेश: किणकिण काय वाईट असतंय?

शिवलीला: तुम्ही बोलूच नका. मागच्या दिवाळीत मी विचारलं, अहो, स्टेजवर माझा आवाज का बसतो? तर काय म्हणालात? वय झालं. बोटांतला जोर जातो.

संगमेश: म्हणालो असंन.

शिवलीला: द्या तो स्क्रूड्रायव्हर इकडं.

संगमेश: अगं, थांब. तुला जमायचं न्हाय. आत लई बारीक तार असती, केसाहून बारीक. तुटली म्हंजे?

निवेदिता: तुटली तर तुटली, दादा. काढूनच तर टाकायचंय ते.

संगमेश: तरी बी. कुणीतरी गुंडाळलेलं असतंय. उगं तोडायचं?

शिवलीला: बघ, निवेदिता. मोटार दिसली की ह्यांना अशीच माया येते. आमच्या लग्नात वरातीच्या जनरेटरपाशीच बसून होते. धर ग जरा ही मान. हा एक स्क्रू निघाला. दुसरा. ही हाताकडची पट्टी आली बघ वर. झाकण सरकवलं की आत काळी टेप. काय गोलमटोल बसवलीय. आता ही गळ्याकडची.

संगमेश: तिला राहू दे की. एकच बदला. ताई, एक बदलली तरी लई फरक पडतोय.

शिवलीला: दोन आणल्यात, दोन बदलायच्या. एवढा घाम का आलाय तुम्हाला? पंखा तर डोक्यावर फिरतोय. ही आली वर. अगबाई.

निवेदिता: काय झालं?

शिवलीला: वास घे.

निवेदिता: व्हार्निशचा आहे. ह्या दुकानाचाच असेल.

शिवलीला: दुकानाचा नाही, आतला आहे. आणि हे काय? त्या पट्टीला काळी टेप आणि हिला पिवळा सुती नाडा?

संगमेश: कारखान्यात संपली असंल टेप. चिनी माल हाय.

शिवलीला: चीनमध्ये असला नाडा कुठून आला हो? हा तुमच्या मागच्या खिळ्याला टांगलाय तो नाडा आहे. आणि ही गाठ. दोन वेढे आणि टोक आत खुपसलेलं. हीच गाठ बावीस वर्षं माझ्या ज्वारीच्या पोत्याला मारताय तुम्ही. रोज नखं तुटतात माझी ती सोडताना.

निवेदिता: मी चहा सांगून येऊ का?

शिवलीला: बस खाली. साक्षीदार लागेल. बोला आता.

संगमेश: खंडेनवमीला झालं ते.

शिवलीला: कुठल्या?

संगमेश: मागच्याच. तू अक्कलकोटला गेलतीस, तुझ्या भावाच्या, सिद्धारामच्या घरभरणीला. हितं मी वायंडिंगचं मशिन, पक्कड, मीटर, सगळं पाटावर मांडलं पूजेला. तर अव्वा घरातनं तुझी गिटार घेऊन आली. म्हणली, सूनबाईचं हत्यार तेवढं उपाशी ठेवायचं का?

शिवलीला: अव्वा म्हणाल्या असं? मला तर म्हणतात, ते लाकूड बाजूला ठेव आणि पोळपाट घे.

संगमेश: तोंडावर म्हणती तसं. तर तिनं पूजा केली. आता ह्या पट्टीवर बघ, लोखंडाचे आठ ठिपके हायत. अव्वाला वाटलं, डोळे हायत ते. एकेका डोळ्याला ओलं हळदीकुंकू लावलं, आणि वरनं नारळाचं पाणी शिंपडलं. मी हां हां म्हणेस्तोवर अख्खा नारळ ओतला.

निवेदिता: अरे देवा. आणि मग?

संगमेश: दुसऱ्या दिवशी नुसती खरखर. म्हणलं, सोडवून पुसून घेऊ. मोटारीला आपण थिनर मारतो की, तसा मारला बोळ्यानं. तर तार तुटली. कुटं तुटली ते दिसंना. जोडाय गेलो, आणखी तुटली. मग सगळीच सोडली.

शिवलीला: सगळी?

संगमेश: सगळी. पायलीभर केस पडल्यागत ढीग झाला ह्या टेबलावर. तुला यायला पाच दिवस होते. तसली तार गावात मिळंना. मग जुने स्टॅबिलायझर फोडले, त्यातल्या रिलेच्या बारक्या गुंडाळ्या असत्यात, त्यांची तार काढली आणि हातानं गुंडाळाय बसलो. आठ हजार वेढे. पहिल्यांदा सात हजारावर तुटली. दुसऱ्यांदा अव्वानं जेवायला हाक मारली आणि मोजणंच विसरलो. तिसऱ्यांदा जमलं.

निवेदिता: आठ हजार वेढे, हातानं? दादा, हे मशिनवर करतात.

संगमेश: मशिन ताण देतंय, ताई. केसाला ताण चालत न्हाय. बोटानंच सोडावी लागती, श्वास धरून.

शिवलीला: आणि मला सांगितलं का नाही?

संगमेश: सांगणारच होतो. बोलायची तयारी बी केलती. तू आलीस, पिशवी ठेवली, पाय धुतले आणि तशीच गिटार घेऊन बसलीस. दोन-चार तारा छेडल्यास आणि म्हणलीस, अगबाई, हिला सुट्टी मानवली की, आवाज कसा गोड झालाय.

शिवलीला: म्हणाले होते.

संगमेश: मग सांगू कसं? तीस वर्षं मोटारी गुंडाळतोय. गिऱ्हाईक येतंय, चालू झाली का विचारतंय, घेऊन जातंय. गोड झाली असं कोण म्हणलं न्हाय कधी. मला लई बरं वाटलं. म्हणलं, राहू दे दोन दिवस. मग दोन दिवसांचे दहा महिने झाले.

निवेदिता: दादा, हे फार गोड आहे. खरंच. आणि आता सोपंही आहे सगळं. ह्या दोन्ही काढू, नवीन बसवू, ताईंचा आवाज येईल. तुमची ही गुंडाळी आपण जपून ठेवू. भांडायचं कारणच नाही कुणाला.

शिवलीला: भांडतंय कोण? घाला ती सोल्डरगन तापत. काय झालं? असे का बघायलात?

संगमेश: एक विचारू? घरी तू गिटारीचं आवाजाचं एकच बटण उघडतीस न्हवं?

शिवलीला: गळ्याकडच्या पट्टीचं. दुसरीचं बंद. अव्वा झोपलेल्या असतात दुपारच्या.

संगमेश: आणि ताईच्या घरी? तालमीला?

निवेदिता: माझ्याकडेही तसंच. खाली भाडेकरू आहेत. पण तिथं छान घुमतं की यांचं. स्टेजवर गेलं की गायब, तेच तर कळत नाही.

संगमेश: स्टेजवर बटणं कशी असत्यात?

शिवलीला: दोन्ही फुल्ल. एवढा मोठा मांडव, तिथं हात आखडून कसं चालेल? आधी थोडं ठेवायचे, ऐकू येईना म्हणून आणखी सोडलं. आता शेवटापर्यंत पिळते.

संगमेश: दोन्ही?

शिवलीला: दोन्ही म्हणते की.

संगमेश: मग खर्ज कुठनं यायचा. ताई, ते सोल्डर ठेवा जरा खाली.

निवेदिता: का?

संगमेश: नवीन बसवलं तर आवाज येणार, ते खरं. आणि मी गप बसलो तर कुणाला कळणार बी न्हाय. पण ते बरं न्हाय. चूक पट्टीची न्हाय. माझी हाय.

शिवलीला: कसली चूक?

संगमेश: ह्या वरच्या पंख्यात शेजारी शेजारी गुंडाळ्या असत्यात. त्या उलटसुलट जोडाव्या लागत्यात. एक सुलटी, तिच्या शेजारची उलटी, परत सुलटी. तसं न्हाय केलं तर पंखा फिरत न्हाय. तीस वर्षं हाताला ती एकच सवय. ही पट्टी परत बसवताना शेजारची सुलटी दिसली, आणि हिची जोडणी हातानं आपसूक उलटी केली. डोक्याला विचारलंच न्हाय. पंख्याची जोडणी केली मी तुझ्या गिटारीला.

निवेदिता: त्यानं काय होतं?

संगमेश: एकटी वाजली तर काय होत न्हाय. गोड वाजती. पण दोन्ही एकदम सोडल्या, की एक ढकलती आणि दुसरी ओढती. एकमेकीला खाऊन टाकत्यात. वरची किणकिण तेवढी उरती.

निवेदिता: म्हणजे ताई आवाज वाढवायला जायच्या, तेवढा...

संगमेश: तेवढा मरायचा.

शिवलीला: दहा महिने.

संगमेश: शिवलीला, मला ठावं नव्हतं. गुंडाळी माझी, हे ठावं होतं. तिच्यापायी तुझा आवाज जातोय हे आत्ता, ह्या खुर्चीत बसून कळलं. मी कार्यक्रमाला लांब, चपलांपाशी बसतो. म्हणलं, लांबून येत नसंल ऐकू.

शिवलीला: संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेतला कार्यक्रम झाला, तेव्हा मी घरी येऊन बोटांना एरंडेल चोळत बसले होते. तव्याचा चटका लागून लागून बोटं मेली, असं वाटलं मला. भाकरीच्या ऑर्डरी निम्म्या केल्या. रत्नम्मासारखं कायमचं गिऱ्हाईक सोडलं. डॉक्टरला हात दाखवला. त्यानं बोटं ओढून बघितली, सुई टोचून बघितली. तुम्ही बाजूला स्टुलावर बसला होतात, माझी पर्स धरून.

संगमेश: बसलो होतो.

शिवलीला: त्यानं विचारलं, काय त्रास होतोय? मी म्हणाले, जोर लागत नाही. लागत होता हो! लागत होता. मीच त्याला खोटं सांगून आले.

संगमेश: वय झालं, म्हणलो तेवढं चुकलं माझं. वय माझं झालं. पंखे कमी झाले, लोक नवाच घेत्यात, दुकानात दिवस दिवस बसून मला वाटाय लागलं, सगळ्यांचंच होत आलं असंल. तुला बी त्यात ओढलं. बोटं तुझी बरोबर होती. पहिल्यापासनं.

शिवलीला: परत म्हणा.

संगमेश: बोटं तुझी बरोबर होती.

शिवलीला: निवेदिता, ऐकलंस?

निवेदिता: ऐकलं, ताई. आणि मलाही म्हणायचंय. मी तुम्हाला विचारायला हवं होतं. त्या साउंडवाल्याचं ऐकलं आणि महेश्वरीशी बोलले, तुमच्याशी नाही.

शिवलीला: तू नंतर. एका वेळी एकाचाच राग येतो मला. अहो, ती उलटी जोडणी सुलटी करायला किती वेळ लागतो?

संगमेश: दोन तारांची अदलाबदल. चहा गार व्हायच्या आत होतंय.

शिवलीला: दहा महिन्यांचं दुखणं, आणि दोन तारा?

संगमेश: मोटारीचं बी असंच असतंय. पण म्हणतो मी, नवीनच बसवू. आणल्यात एवढ्या लांबनं. मशिनवर गुंडाळलेल्या, वेढ्याला वेढा. माझ्यात कुटं शे-दोनशे कमी-जास्त असतील.

शिवलीला: आधी ती सुलटी करा. मी ऐकते. मग ठरवते. तुम्ही दोघं नाही, मी.

निवेदिता: सोल्डर मिळालं का, दादा?

संगमेश: मिळालं, ताई. उगं लाजवू नका.

(संगमेश दोन तारा सोडवून अदलाबदल करून जोडतो. शिवलीला वायर लावते, दुकानातल्या जुन्या अँप्लिफायरची आणि गिटारीची बटणं शेवटापर्यंत पिळते आणि सगळ्यांत जाड तार छेडते.)

निवेदिता: बापरे.

संगमेश: ते बघ, डब्यातले वायसर नाचायलेत.

निवेदिता: मला इथं बसला आवाज, बरगडीत. ताई, आपलं सुरुवातीचं वचन वाजवा ना. मी गुणगुणते.

शिवलीला: थांब, आधी एकटीला वाजवू दे. हं. हे बघ, हितं मी दर वेळी जोर लावायचे, आणि काहीच यायचं नाही. मला वाटायचं, मीच चुकीच्या घरात बोट ठेवते. बरोबरच ठेवत होते की ग.

निवेदिता: मग? ठरलं का? मी खरं सांगू? नवीन कदाचित आणखी स्वच्छ वाजतील. कार्यक्रमाच्या दृष्टीनं ते चांगलंच.

संगमेश: ताई बरोबर बोलत्यात.

शिवलीला: स्वच्छ वाजतील. पण ह्या आवाजाची बोटांना सवय आहे. दुपारी अव्वा झोपल्या की मी ह्याच पट्टीवर दहा महिने वचनं पाठ केली. रविवार चार दिवसांवर आलाय. नवा आवाज आला तर मी पुन्हा दचकत बसणार, की हे मीच वाजवलं का? मला ऐकू यायला पाहिजे होतं. आलं. पाठव ते परत.

निवेदिता: नक्की?

शिवलीला: नक्की. पुढच्या वर्षी मला कमी पडलं तर मी स्वतः जाऊन आणीन, पण कमी पडलं म्हणून. टकल्यानं सांगितलं म्हणून नाही. आणि अहो, तुम्ही असे हसू नका. तुमच्यावर जीव आहे म्हणून ठेवत नाहीये ही गुंडाळी. गोड आहे म्हणून ठेवतेय. जीवाचं नंतर बघू, आधी दहा महिन्यांचा राग संपवायचाय.

संगमेश: किती दिवस लागतील?

शिवलीला: दिवाळी धरून चला.

संगमेश: आणि अव्वाला काय सांगायचं?

शिवलीला: काही नाही सांगायचं. सून परगावी गेल्यावर तिच्या हत्याराची पूजा करणारी सासू आहे. हे मला आज कळलं, ते माझ्यापाशीच राहू द्या. यंदा खंडेनवमीला मी घरी थांबेन, आणि नारळ मी धरेन.

निवेदिता: मी महेश्वरीला फोन करते. काय सांगू?

शिवलीला: काही सांगू नको. रविवारी ऐकेल ती. आता म्हण, सुरू कर. वरच्या पट्टीत घे, मी खाली आहे.

संगमेश: दार ओढून घेऊ का? रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायलीत.

शिवलीला: राहू द्या उघडं.